राजेश्वरीबाईंचे कीबोर्ड

कन्ना चौकातून साखर पेठेकडे निघालं की वाटेत टॉवेलचं एक गोदाम लागतं आणि त्या गोदामाच्या डोक्यावर राजेश्वरीबाई येमूल यांचा टायपिंगचा वर्ग. जिना लोखंडी आणि उभा. नवी मुलगी वर येताना एका हातानं कठडा धरते आणि दुसऱ्या हातानं ओढणी सावरते. वर पोचेपर्यंत तिला घाम फुटलेला असतो. बाई दारातच म्हणतात, “आधी श्वास घे. धापा टाकत टाइप केलं तर बोटंही धापा टाकतात.”

बाईंचे वडील विणकर. आधी हातमाग, मग दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग. घरात बोललेलं कमी आणि मागाचं ऐकलेलं जास्त, असं बाईंचं लहानपण गेलं. धागा तुटला की वडील माग बंद करायच्या आधीच त्या पोरवयात म्हणायच्या, “नान्ना, तुटला.” तो कान पुढे टायपिंगमध्ये कामाला आला. एका सूतगिरणीच्या कचेरीत त्या टायपिस्ट होत्या. गिरणी बंद पडली तेव्हा कचेरीतली जुनी यंत्रं घेऊन त्यांनी हा वर्ग काढला. यजमान गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, वर्ग मात्र चालू राहिला. मुलींकडे पाठ करून खिडकीतून रस्ता बघत उभ्या असल्या तरी कुणाची करंगळी आळस करते आहे ते बाईंना कळतं. “चेतना, शिफ्ट अर्धाच दाबलास,” असं त्या रस्त्याकडे बघतच म्हणतात.

टाइपरायटरच्या काळाबद्दल त्या कधी हळहळत नाहीत. उलट म्हणतात, “अक्षरांच्या जागा तेवढ्या सगळ्या कंपन्यांनी एक ठेवल्या होत्या, म्हणून आम्ही शिकवू शकलो. बाकी सगळा आडमुठेपणा. एकाचं रीळ दुसऱ्यात बसायचं नाही, एकाचा स्क्रू दुसऱ्याला चालायचा नाही.” एकदा ऐन परीक्षेच्या तोंडावर एका यंत्राची गाडा ओढणारी पट्टी तुटली. खोलीत तशीच दिसणारी इतर यंत्रं उभी होती आणि त्यांतली एकही पट्टी त्याला बसेना. त्या यंत्रावर बसणाऱ्या मुलीचं वर्ष गेलं. पुढे सरकारनं यंत्रं बाद करून परीक्षा संगणकावर आणली तेव्हा बाईंनी जुने संगणक आणून मांडले आणि पहिल्या दिवशी नारळ फोडला.

यंदाच्या उन्हाळ्यात ते संगणक जळाले.

परीक्षा जेमतेम महिन्यावर आली होती. दुपारी वर्ग भरलेला असताना खांबावर न्यूट्रलची तार तुटली. दिवे एकदम पांढरेफटक पेटले, पंखा गरगरला, आणि खोलीत फट् फट् असे आवाज होऊन करपलेला वास भरला. मुली किंचाळत जिन्याकडे पळाल्या. बाईंनी मेन स्विच ओढला. दुरुस्तीवाला आला, त्यानं एकेक डबा उघडून आत टॉर्च मारला आणि मान हलवली.

“सप्लायबरोबर बोर्डही गेलेत, मॅडम. इतक्या जुन्या मशीन. आता ह्यांचे भाग शोधत बसायचं म्हणजे दिवाळी उजाडेल.”

“काहीच राहिलं नाही?”

“कीबोर्ड राहिलेत की. कीबोर्ड कशाला जळतोय?”

पुण्याहून मुलीचा फोन आला. “आई, देवानंच सांगितलंय असं समज. बंद कर आणि इकडे ये.” बाई ‘बघू’ म्हणाल्या. दुसरे काही वर्गवाले मुलींना आपल्याकडे घ्यायला तयार होते, पण त्यांच्याही जागा भरलेल्या. दोघी-तिघींची सोय लागली असती, बाकीच्या राहिल्या असत्या. आणि राहणाऱ्यांत ऋतुजा नक्की होती, कारण ती मैंदर्गीहून एसटीनं यायची. मिळेल त्या वेळेला हजर राहणं तिला जमणारं नव्हतं.

ऋतुजा मेंढपाळाच्या घरची सून. बारावी झालेली, हाताला वळण चांगलं. तिचा सासरा बिरप्पा सरळ माणूस होता. त्यानं सुनेला सरळच सांगितलं होतं. ते तिनं बाईंना जळक्या संगणकांसमोर उभं राहून सांगितलं.

“मामा म्हणलेत, येक डाव परीक्षा दे. पास झालीस तर हितंच ऱ्हा, नोकरी बघ, आमी कुणी आडवं येणार न्हाय. न्हाय झालीस तर दिवाळी झाली की मेंढरामागं चल. घरात माणूस कमी हाय, ते बी खोटं न्हाय, मॅडम.” मग जरा थांबून म्हणाली, “मला मेंढरं कळत न्हाईत असं न्हाय. पन मला हे जास्त कळतंय.”

त्या शेवटच्या वाक्यानं बाईंची झोप उडवली.

तीन घरं सोडून सावित्रम्मा राहायच्या. दिवसभर ओट्यावर बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळायच्या आणि शेजारी फोनवर तेलुगू भजनं लावायच्या. बाई त्यांच्याकडे जाऊन नुसत्याच बसल्या.

“राजक्का, तोंड का असं? कुणी मेलं काय?”

“मशीन मेल्या.”

“मग रडायला मशीनचे आईबाप येतील. तू चहा घे.”

एवढ्यात भजन थांबलं. सावित्रम्मांनी फोन हातात घेतला, चिडून त्याला एक शिवी दिली आणि त्याला लोंबकळणारी एक पेनड्राइव्ह काढली. पेनड्राइव्हच्या तोंडाला बोटाच्या पेराएवढा एक जोड लावलेला होता. आत हाक मारून त्यांनी लेकीचा फोन मागवला, तीच पेनड्राइव्ह त्यात खुपसली, आणि भजन परत सुरू झालं.

“हे काय केलंत?” बाईंनी विचारलं.

“माझ्या फोनचं चार्जिंग गेलं. तिच्यात घातलं. जावयानं हैदराबादहून आणलंय. फोनात जागा नाही म्हणून गाणी ह्याच्यात. आता कुणाच्या पण फोनात जातंय. मागे कंडक्टरच्या फोनात घालून मी अक्कलकोटपर्यंत भजन ऐकत गेले.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “जरा काढा ते.”

“भजन चालू आहे.”

“सावित्रम्मा, काढा म्हणते ना.”

पेनड्राइव्हचं चपटं तोंड त्यांनी उन्हात धरून बघितलं. हे तोंड त्या रोज बघत होत्या. वर्गातल्या बहुतेक कीबोर्डांच्या वायरीला हेच तोंड होतं. बाई उठल्या. एरवी जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या बाई त्या दिवशी थेट वर गेल्या आणि एक कीबोर्ड वायरीसकट काखेत मारून ओट्यावर परत आल्या. जोडाच्या एका अंगाला कीबोर्डची वायर, दुसरं अंग फोनात. फोनवर एक कोरं पान उघडलं आणि बाईंनी डोळे मिटून बोटं टेकवली.

पानावर अक्षरं उमटली. ए, एस, डी, एफ. टायपिंगचा पहिला धडा.

सावित्रम्मा वाकून बघत राहिल्या. “हे काय लिहिलंस? तेलुगू नाही, मराठी नाही.”

“ह्याच्यावरच इतकी वर्षं माझी चूल पेटली,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की सुपातला तंबाखू उडाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींना निरोप गेला. फोन घेऊन या. ज्या फोनांना आजवर दाराबाहेरच्या फळीवर ठेवायला लावलं होतं, ते आता बाकांवर विटेला टेकवून उभे राहिले. मोबाईलच्या दुकानातून आणलेल्या जोडांची पिशवी बाईंनी टेबलावर ओतली आणि मग गंमत सुरू झाली. जुने फोन बारीक पिनेचे. त्यांना वेगळा जोड, तोही एकात घट्ट आणि दुसऱ्यात ढिला. दोन कीबोर्ड फार जुन्या गोल पिनेचे निघाले, ते बाजूला गेले. पण बहुतेक मुलींकडे नवे फोन होते. कंपनी कुठलीही असो, लाल असो की काळा, महाग असो की स्वस्त, तोंड सगळ्यांचं एकच. एकीनं जोड काढून दुसरीकडे फेकायचा आणि दुसरीनं तो न बघता लावायचा, असं चाललं.

सगळ्यांत भारी फोन चेतनाचा. तिचे वडील कारकून, पण काका परदेशात. त्यांनी पाठवलेला तो फोन ती रुमालात गुंडाळून आणायची. त्याचं तोंड सगळ्या जगापेक्षा वेगळं होतं. पिशवीतला एकही जोड त्यात जाईना.

“तुझ्या फोनला आमच्या घरचं पाणी चालत न्हाय वाटतं,” ऋतुजा म्हणाली.

“गप गं. कंपनीचा वेगळा मिळतो ह्याला.”

“मग कंपनीलाच परीक्षेला बसव की.”

चेतना फणकारली, पण दुसऱ्या दिवशी आजीचा साधा फोन घेऊन आली आणि दोन मिनिटांत कामाला लागली. वीज गेली तरी आता वर्ग थांबत नव्हता. बाईंना त्याचंच अप्रूप वाटे. पंखा बंद, खाली गोदामात अंधार, आणि वर पावसासारखी टपटप चालू. संध्याकाळी मुली कीबोर्ड पिशवीत घालून घरी नेऊ लागल्या. इतक्या वर्षांत बाईंनी असं कधी बघितलं नव्हतं. टाइपरायटर कोण घरी नेणार?

मग ऋतुजा यायची बंद झाली.

एक दिवस गेला, दुसरा गेला. तिचा फोन म्हणजे खरं तर नवऱ्याचा, बिरुदेवचा. तो लागेना. चार दिवस वाट बघून बाईंनी छत्री घेतली आणि मैंदर्गीची गाडी धरली. वाटभर मनात एकच. हिला आत्तापासूनच मेंढरामागं धाडली की काय?

गावाच्या कडेला घर होतं. दारात लिंबाखाली बाजेवर पटका बांधलेला एक म्हातारा दोन्ही हातांत फोन उभा धरून पुतळ्यासारखा बसलेला. समोर जमिनीवर, पोत्यावर कीबोर्ड ठेवून ऋतुजा. तिची बोटं चालू होती.

“मामा, हलू नका की.”

“मी कुटं हलतोय? माशी बसली नाकावर तरी हललो न्हाय.” म्हाताऱ्यानं बाईंना बघितलं. “या, या. म्याडम न्हवं तुमी? बसा. मी उटलो तर ही वरडती.”

ऋतुजा धडपडत उठली. बिरुदेव मेंढरं घेऊन होटगीकडच्या माळाला गेला होता आणि फोन त्याच्याबरोबर गेला होता. सासू कस्तुराबाई तापानं आडवी. घर सोडून सोलापूरला येणं शक्य नव्हतं.

“पोरगी दोन दिस तोंड पाडून बसली,” बिरप्पा म्हणाला. “म्हनली, फोन गेला, आता कशावर लिवू? म्या म्हनलं, माजा न्हाय व्हय फोन? ती म्हनली, तुमचा येगळ्या कंपनीचा. म्या म्हनलं, लावून तर बग. मेंढरू बगताना कळप बगतो काय आपन? तोंड बगतो. लावला, तर बसला की! लई मजा वाटली मला.”

“आणि ह्याचं चार्जिंग संपलं तर?”

“मग कस्तुराबाईचा. मग शेजारच्या धुळाप्पाचा. ह्या गल्लीत आता येक फोन सुटला न्हाय.”

आतून कस्तुराबाईंचा बारीक आवाज आला. “माज्या फोनवर काल हिनं काय काय लिवलं, ते माज्या भावाला गेलं. त्याचा उलट फोन आला, अक्का, बरी हायस न्हवं?”

सगळे हसले. बाईही हसल्या आणि मग म्हणाल्या, “कर बरं चालू. मी ऐकते.”

त्या लिंबाच्या खोडाला टेकल्या आणि डोळे मिटले. वेग सुंदर होता. एकसारखा, दम न लागणारा. पण पहिलं वाक्य संपून दुसरं सुरू झालं तसं बाईंच्या कपाळावर आठी पडली. तिसरं झालं. त्यांनी डोळे उघडले आणि फोनकडे बघितलं. प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर मोठं होतं, अगदी बिनचूक.

“शिफ्टचा आवाज आला नाही.”

ऋतुजा गोंधळली. “दाबला की, मॅडम.”

“नाही दाबलास. फोननं केलं ते. तू लहान अक्षर मारतेस आणि तो गुपचूप मोठं करतो.” त्यांनी मुद्दाम एक शब्द उलटासुलटा मारला. फोननं तोही सरळ करून दाखवला. बाईंचा चेहरा उतरला. गेले आठ-पंधरा दिवस मुलींच्या चुका कमी झाल्या म्हणून त्या मनातून खूश होत्या. चुका कमी झाल्याच नव्हत्या. फोन मागून पुसत होता. परीक्षेचा संगणक असली माया करणार नव्हता.

“म्हंजी ह्यानं लबाडी केली?” बिरप्पानं फोन जरा लांब धरला.

“मदत केली. पण आपल्याला नको ती.”

बाईंनी सेटिंगमध्ये शिरून एकेक गोष्ट बंद केली. ऋतुजानं परत सुरुवात केली आणि पान चुकांनी भरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोटं उचलली नाहीत. बाई संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथेच बसल्या. ‘करंगळी,’ त्या म्हणत राहिल्या, ‘करंगळी.’ बिरप्पा ते शिकला आणि पुढे तोच म्हणू लागला. धुळाप्पाचा फोन हातात आला की त्याची लबाडी बंद करायची, कस्तुराबाईंचा आला की त्याची, हे त्यानं सुनेकडून शिकून घेतलं. सोलापुरात बाईंनी हीच शिस्त सगळ्या मुलींना लावली. पहिले दोन दिवस पानं चुकांनी भरली, मग बोटं हळूहळू खरी झाली.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर सगळे वर्गवाले झाडाखाली उभे होते. त्यांतल्या एकानं, ज्याच्या वर्गात एसी होता, बाईंना बघून हाक मारली.

“काय येमूल मॅडम, ह्या वर्षी पोरी मोबाईलवरनं तयार केल्या म्हणे? आत जाऊन रील बनवणार काय?”

“बनवतील की,” बाई म्हणाल्या. “तुमच्या मुली सराव कुठं करतात?”

“आमच्याकडे. तासभर, एसीत.”

“आमच्या मुली घरी करतात, गोठ्यात करतात, विड्यांच्या ओट्यावर करतात. लाइट असो नसो.”



आत काय झालं ते ऋतुजानं बाहेर आल्यावर सांगितलं. सरावाच्या पाच मिनिटांत तिच्या कीबोर्डचं एक बटण दाबलं की वर येईना. शेजारची मुलगी घाबरून म्हणाली, आता तुला दुसऱ्या मशीनवर बसवतील, सगळं परत. पर्यवेक्षकही डोकं खाजवत उभे राहिले. ऋतुजानं हात वर केला.

“म्या म्हनलं, सर, मशीन कशाला बदलताय? त्या कोपऱ्यातला कीबोर्ड जादा हाय की. तोंड येकच हाय, मी लावू?” ती बाईंना सांगत होती आणि गालांवर घामाचे ओघळ होते. “त्यांनी आनून दिला, लावला, लगेच चालू. रोज येक नवा फोन, मॅडम. मला काय नवं हाय त्यात?”

“आणि करंगळी?”

तिनं करंगळी वर करून दाखवली. ती लाल झाली होती.

निकाल पावसाळ्यात लागला. वर्गातल्या सगळ्या मुली पास झाल्या. चेतनाच्या भारी फोनवरच निकालाचं पान आधी उघडलं. त्या कामाला तरी तो आला. आणि वर्गात पहिली कोण? ऋतुजा. मुलींनी तिला उचललं, आणि लोखंडी जिना असा दणाणला की गोदामाचा शेठ छत कोसळलं म्हणून बाहेर पळत आला. बाईंनी पुण्याला फोन लावला. “मी येते तिकडे,” त्या म्हणाल्या, “पण राहायला नाही. दोन दिवस, पेढे घेऊन.”

त्यानंतरच्या रविवारी सकाळी कन्ना चौकात ढोल ऐकू आले. लग्नाची वरात म्हणावी तर तिथी नव्हती. बाई खिडकीत आल्या. मोठमोठे ढोल गळ्यात घेतलेले, पिवळे पटके बांधलेले गडी रस्ताभर फिरत, झुकत, उड्या घेत येत होते. रिक्षा थांबल्या, टॉवेलवाले दुकानाबाहेर आले, सावित्रम्मा सूप हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या. सगळ्यांच्या पुढे बिरप्पा. त्याच्यामागे ऋतुजा आणि ताप उतरलेली कस्तुराबाई.

“म्याडम!” त्यानं खालूनच आरोळी दिली. “दिवाळीला ही मेंढरामागं येनार न्हाय! पतसंस्थेत बोलावनं आलंय तिला!”

ढोल खालीच राहिले. बिरप्पा जिना चढून वर आला, दम घ्यायला दारात थांबला आणि मग कमरेची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा. “हात लावतो, चालंल न्हवं?” म्हणत त्यानं चिमूट घेतली आणि बाकावर ओळीनं मांडलेल्या एकेका कीबोर्डवर वाहिली. पिवळी हळद अक्षरांवर पडली, फटींत गेली.

बाई कीबोर्डपाशी कुणाला पाण्याचा पेलाही आणू देत नसत. मुलींनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी बिरप्पाच्या पिशवीत हात घातला, मूठभर भंडारा घेतला आणि खिडकीतून खाली ढोलांवर उधळला.

“वाजवा!” त्या ओरडल्या. “थांबलात का?”